बेत आपणच आखायचा!

परदेशात फिरायला जायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? विमान, टूर कंपनीची रंगीत टोपी, हातात छोटा झेंडा धरून पुढे चालणारा टूर मॅनेजर आणि त्याच्यामागे लगबगीनं पळणारे आपण. रेल्वे काही डोळ्यांपुढे येत नाही. रेल्वे म्हणजे आपली रोजची. माहेरी जायची, पंढरपूरला जायची, मुलाला पुण्याच्या कॉलेजात सोडून यायची. तिचा आणि परदेशाचा काय संबंध? मला मात्र अलीकडे उलटंच वाटायला लागलंय. छोट्या गावातल्या बाईला स्वतःच्या हिमतीवर परदेश बघायचा असेल, तर तिच्यासाठी सर्वांत ओळखीची वाट रेल्वेचीच आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या प्रवासाचा बेत तिनं स्वतः आखावा. नवऱ्यानं, मुलानं किंवा कंपनीनं आखून तिच्या हातात ठेवू नये.

टूर कंपन्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही बरं का. ‘फक्त महिलांसाठी’ अशा सहली सुरू झाल्या, तेव्हा कितीतरी जणी पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडल्या. एकट्या राहणाऱ्या, आयुष्यभर दुसऱ्यांचं करून दमलेल्या बायका त्या निमित्तानं मनमोकळं हसल्या, नाचल्या, जीन्स घालून फोटो काढून आल्या. हे काम मोठंच आहे. पण त्या सहलीत सकाळी किती वाजता उठायचं इथपासून रात्री काय जेवायचं इथपर्यंत सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. घरी आधी सासूबाई ठरवायच्या, मग नवरा ठरवायला लागला, आता टूर मॅनेजर! पहिल्या खेपेला हे ठीक आहे. पण पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा कधीतरी सोडावा लागतोच ना?

खरं म्हणजे प्रवासाची तयारी आपल्याइतकी कुणाला जमत नाही. कुलदेवतेला जायचं ठरलं की दशम्या किती करायच्या, सासऱ्यांच्या गोळ्या कुठल्या पिशवीत, दूधवाल्याला निरोप, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या वहिनींना किल्ली, हे सगळं आपल्या डोक्यात तयार असतं. पण नीट बघा, तीन प्रश्न आपल्याकडे कधी येतच नाहीत. जायचं कुठे? जायचं कधी? आणि खर्च किती करायचा? हे तीन प्रश्न सुटल्यावर उरलेलं काम आपल्याकडे येतं. म्हणजे निर्णय त्यांचा आणि हमाली आपली!

आमच्या बचत गटातल्या आम्ही सहा जणींनी हे तीन प्रश्न आपल्याकडे घ्यायचं ठरवलं. वयं बेचाळीसपासून एकसष्टपर्यंत. एक पिठाची गिरणी चालवते, दोघी शिक्षिका, एक निवृत्त अंगणवाडी सेविका, एक शिवणकाम करणारी आणि मी. प्रवासासाठी महिन्याला तीन हजारांची वेगळी भिशी सुरू केली आणि मग नकाशा घेऊन बसलो.

भारतातून रेल्वेनं थेट परदेशी जायच्या वाटा आता फारशा उरलेल्या नाहीत. पाकिस्तानला जाणारी समझौता एक्स्प्रेस २०१९ मध्ये बंद पडली. बांगलादेशात जाणाऱ्या गाड्या २०२४ च्या जुलैत थांबल्या. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळात जनकपूरकडे जाणारी गाडी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण तो प्रवास फार लांबचा नाही. तेव्हा दुसरा मार्ग असा, की विमानानं एका टोकाला उतरायचं आणि मग तो देश रेल्वेनं पालथा घालायचा. युरोपची रेल्वे आमच्या भिशीला झेपणारी नव्हती. शेवटी बोट थांबलं व्हिएतनामवर. मुंबईहून उत्तरेला हनोई आणि दक्षिणेला हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगाव, अशा दोन्ही ठिकाणी थेट विमानं जातात. एका टोकाला उतरा आणि दुसऱ्या टोकाहून परत या. मधली सगळी वाट रेल्वेची.

ही वाट आहे १७२६ किलोमीटरची, मुंबई-दिल्लीपेक्षाही लांब. एका दमात केली तर तीस तासांहून जास्त लागतात. रूळ मीटर गेजचे, म्हणजे मनमाडहून मराठवाड्यात शिरणारी जुनी गाडी ज्यांनी पाहिलीय, त्यांना लगेच ओळख पटेल. फ्रेंच राजवटीत तुकड्यातुकड्यानं बांधलेला हा मार्ग १९३६ मध्ये पुरा झाला. १९५४ मध्ये देशाचे दोन भाग झाले आणि गाडीही तुटली. पुढे युद्धात पुलांवर बॉम्ब पडले. १९७५ मध्ये युद्ध संपलं आणि १९७६ सरता सरता गाडी पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागली. म्हणून तिला ‘एकीकरणाची गाडी’ म्हणतात. आता तिथं याच दिशेनं नवी वेगवान रेल्वे बांधायला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या संसदेनं मंजुरी दिली आहे. जुनी, संथ गाडी निवांत आहे, तोवरच बघून घ्यावी हे बरं.

मग सुरू झाला खरा अभ्यास. पहिला प्रश्न, कधी जायचं? आपल्याकडे सहल म्हणजे दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना. पण व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, ह्युए, दा नांग, होई आन या भागात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत धो धो पाऊस असतो, पूर येतात, गाड्याही अडकतात. म्हणजे दिवाळी बाद. उन्हाळ्यात आपल्यासारखाच उकाडा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हातरी त्यांचं नवं वर्ष येतं, ‘तेत’. तेव्हा अख्खा देश गावी निघतो आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्या आठवा! राहिला कोणता काळ? तेत संपल्यापासून मार्चअखेरपर्यंत.

आणि इथंच आमची गाडी अडली. फेब्रुवारी-मार्च म्हणजे बारावीची परीक्षा! शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीचा मुलगा त्या वर्षी बारावीला. ती म्हणाली, “मी नाही येत गं. लोक काय म्हणतील?” मैत्रिणींनो, माझं मत स्पष्ट आहे. परीक्षा मुलाची असते, आईची नव्हे. त्याला वेळेवर जेवायला मिळालं पाहिजे, हे खरं. पण बारा दिवस वरण-भात त्याचे वडील लावू शकतात. नोकरीनिमित्त परगावी राहणाऱ्या किती वडिलांना आपण विचारतो, की मुलगा बारावीला असताना तुम्ही कसे गेलात? अखेर तिनं घरी विचारलं. नवरा अर्धा दिवस गप्प बसला आणि मग म्हणाला, परीक्षेचं वेळापत्रक लागलं की शेवटचा पेपर बघून तारीख ठरवा. म्हणजे तारीख चार-आठ दिवस पुढे गेली, पण तिचं नाव यादीतून गेलं नाही. बेत आखणं म्हणतात ते हेच. नाव काढून टाकणं सोपं असतं, तारीख हलवायला डोकं लागतं.

दुसरा अडथळा आला पासपोर्टचा, आणि त्यानं आम्हाला फार शिकवलं. आपल्यापैकी कितीजणींची कागदावरची नावं एकसारखी आहेत? शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नुसतं नवऱ्याचं आडनाव, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर विचारूच नका! आमच्यातल्या अंगणवाडी सेविका काकूंचे तीन कागद म्हणजे तीन वेगळ्या बायका होत्या. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही, हे आमच्यापैकी निम्म्याजणींना ठाऊकच नव्हतं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये नियम सोपे झाले, तेव्हापासून विवाहित बाईला लग्नाचा दाखला सरसकट मागत नाहीत. शिवाय २०१७ पासून बऱ्याच ठिकाणी मुख्य पोस्ट ऑफिसातच पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आहेत, त्यामुळे मुंबई-पुण्याला खेपा घालाव्या लागतातच असं नाही. काकूंनी दोन महिने खपून सगळे कागद एका नावावर आणले. परदेश राहू दे बाजूला, पण वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या पहिल्यांदा सगळीकडे एकच बाई झाल्या!

हे नाव इतकं महत्त्वाचं का? कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. व्हिएतनामचा व्हिसा आपल्यासाठी इंटरनेटवरून मिळतो. २०२३ च्या ऑगस्टपासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा देतात, एका प्रवेशाची फी पंचवीस डॉलर. त्यावरचं नाव आणि नंबर पासपोर्टबरहुकूम हवा, एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. देशात कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार हेही लिहावं लागतं. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी आणि दामदुप्पट पैसे घेणारी बरीच दुकानं तिथं मांडलेली असतात, म्हणून फॉर्म भरताना पत्ता दोनदा तपासायचा. रेल्वेच्या तिकिटालाही पासपोर्टचा नंबर लागतो. मुलं हे पाच मिनिटांत करून देतात, पण करून घेऊ नका. शेजारी बसवा, अडलं तर विचारा, बोटं मात्र आपली चालवा.

आता बर्थ. इथं आपल्याला कुणी शिकवायची गरजच नाही. तिकडे दोन तऱ्हेचे झोपायचे डबे असतात. एकात चार बर्थचं कंपार्टमेंट आणि जाड गादी, दुसऱ्यात सहा बर्थ आणि पातळ गादी. दोन्हींना सरकतं दार. आपल्याकडे वरच्या-खालच्या बर्थचं भाडं सारखं, तिकडे खालचा बर्थ महाग आणि सर्वांत वरचा स्वस्त. सहा जणींनी सहा बर्थचं कंपार्टमेंट घेतलं की दार लावल्यावर आत सगळ्या आपल्याच. सुरक्षिततेचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला. पण सहातल्या तिघींचे गुडघे दुखतात आणि वरच्या बर्थवर धड ताठ बसताही येत नाही! मग ठरलं की प्रवासाचे तुकडे पाडायचे. हनोईला तीन दिवस. तिथलं महिलांचं संग्रहालय बघायचंच, त्यात डोक्यावर-खांद्यावर ओझी वाहून घर चालवणाऱ्या फेरीवाल्या बायकांचीही गोष्ट मांडली आहे. मग रात्रीच्या गाडीनं ह्युए, ६८८ किलोमीटर, बारा-चौदा तास. एवढ्या एका रात्रीसाठी ज्यांचे गुडघे धड, त्या वर चढतील. रात्रीच्या गाडीनं एका हॉटेलाचं भाडंही वाचतं, हे वेगळं सांगायला नको.

ह्युएहून दा नांगचा टप्पा मात्र दिवसाच करायचा. अडीच-तीन तासांचाच आहे, पण गाडी ‘हाय व्हान’ या घाटातून समुद्राला चिकटून जाते. हाय व्हान म्हणजे समुद्र आणि ढग. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी धरायची, समुद्र त्या बाजूला. दा नांगजवळच होई आन हे जुनं बंदराचं गाव, तिथं रेल्वे जात नाही. आणि तिथून पुढे ‘मी सन’ इथली चंपा राजांची शिवमंदिरं. १९९९ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानं तिथं जतनाचं काम केलं, त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. “बघा, परदेशातसुद्धा महादेवाला जातोय,” असं सांगितल्यावर एका सासूबाईंची परवानगी झटक्यात मिळाली! पुढे न्या त्रांग आणि शेवटी सायगाव. शहराचं नाव बदललं तरी स्टेशनाचं नाव अजून सायगावच आहे.

खाण्याची काळजी सगळ्यांना असते, शाकाहारी मंडळींना तर फारच. तिकडे भाजीतही माशाचं पाणी घालतात, म्हणून नुसतं “मांस नको” म्हणून भागत नाही. त्यांच्याकडे शाकाहाराला शब्द आहे ‘चाय’. आपल्या चहासारखाच! बौद्ध घरांतली पुष्कळ माणसं अमावास्येला आणि पौर्णिमेला चाय जेवतात. म्हणजे उपासतापास त्यांना काही परका नाही. गाडीत उकळतं पाणी मिळतं, त्यात आपले भाजून नेलेले उपम्याचे-पोह्यांचे पुडे झकास होतात. चटणी-मेतकूट आहेच. पैशाचं म्हणाल तर रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग येतात. हनोई ते दा नांग चांगला बर्थ साधारण दहा लाख डाँगच्या आगेमागे, म्हणजे आपले तीन-साडेतीन हजार. गाडी आणि मोसम बघून कमी-जास्त. लाखाची नोट हातात खेळवायची हौस तिथं फिटते!

आता आक्षेप. विमानानं दोन तासांत होतं, त्याला एवढे दिवस कशाला? जिला फक्त पोचायचंय तिनं विमानानं जरूर जावं. पण गाडीत आपल्याला त्या देशातली माणसं भेटतात. भातशेतं, परसातली केळी, दोरीवर वाळणारे कपडे, डबा उघडणारी आजी दिसते. बाईला बाईचं घर खिडकीतूनही कळतं. दुसरा आक्षेप, त्या पैशात दोन ग्रॅम सोनं झालं असतं. झालं असतं, पण ते कपाटात राहिलं असतं. तिसरा आक्षेप नेहमीचा, आधी आपला देश तरी बघितलाय का? जरूर बघा. २०२३ च्या मार्चपासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालंय, तिथून सुरुवात करा. कुठे जायचं यापेक्षा कुणी ठरवायचं, हा माझा मुद्दा आहे. आणि हे काही आजचं खूळ नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत फिरून १८८९ मध्ये तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. मीना प्रभु २०२५ मध्ये गेल्या. त्यांची प्रवासवर्णनं आपल्या गावच्या वाचनालयात हातोहात फिरून जीर्ण झालेली असतात. वाचणाऱ्या बहुतेक बायकाच. मग नुसतं वाचूनच थांबायचं का?

तुम्ही म्हणाल, एका सहलीचं एवढं काय घेऊन बसलीस! सांगते. मी ज्या कामात आहे तिथं दर महिन्या-दोन महिन्यांनी एक तरी बाई येते, जिचा नवरा अचानक गेलेला असतो. पेन्शनचा फॉर्म भरायचा असतो, विम्याचे कागद सापडत नाहीत, पासबुक कुठल्या बँकेचं हे माहीत नसतं, एटीएमचा पिन कधी विचारलेलाच नसतो. “सगळं तेच बघायचे हो ताई,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरची बोलायच्या आधीच मला ऐकू येतं. त्या बायका अडाणी नसतात. पन्नास माणसांचा स्वयंपाक अंदाजानं उरकणाऱ्या, काटकसरीनं घर उभं करणाऱ्या असतात. त्यांना फक्त कुणी कधी ठरवायला दिलेलं नसतं. फॉर्म वाचायची, पैसे भरायची, चार माणसांत “हे असं करू” म्हणायची सवय त्या दुःखाच्या दिवसांत एकदम लागत नाही. ती आधी, हसतखेळत लागावी लागते. प्रवासाचा बेत हा त्याचा सर्वांत गोड अभ्यास आहे. यात दोनदा विचारावं लागलं तरी कुणी हसत नाही, आणि शेवटी बक्षीस म्हणून समुद्र दिसतो!

आमच्या सहातल्या किती जणी प्रत्यक्ष गाडीत बसतील, आज सांगता येत नाही. कुणाच्या घरी आजारपण निघेल, कुणाची सून बाळंतपणाला येईल. चौघीच गेल्या तर चार बर्थचं कंपार्टमेंट घेऊ. पण ज्या राहतील त्यांच्याकडेही स्वतःच्या नावाचा पासपोर्ट असेल, आणि त्यावर पुढच्या दहा वर्षांची मुदत असेल.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. आपली सगळी कागदपत्रं एका पिशवीत काढा आणि त्यांवरची नावं जुळतात का बघा. मग एक वही घ्या आणि पहिल्या पानावर ते तीन प्रश्न लिहा. कुठे, कधी, किती. उत्तरं तुमच्या अक्षरात लिहा, मग ते व्हिएतनाम असो की वैष्णोदेवी. वही बघून नवरा कदाचित विचारेल, “आणि आम्हाला नाही का नेणार?” न्या की, जरूर न्या. तिकिटं मात्र तुम्ही काढा.